सही जुळली, चेहरा जुळेना

गोष्ट १९८६ सालची. मी तेव्हा पुण्यातल्या एका शाखेत नुकतीच अधिकारी झाले होते, आणि परकीय चलनाचे टेबल दुसऱ्या कुणाला नको होते म्हणून माझ्याकडे आले होते. पुण्यात त्या काळी इराणी विद्यार्थी पुष्कळ असत. कॅम्पात आणि डेक्कनवर बन-मस्का देणारे आपले जुने इराणी ते हे नव्हेत. ते जरथुष्ट्री, त्यांचे आजे-पणजे यझ्द-केरमानकडून आले आणि आता ते तुमच्या-आमच्याइतकेच पुणेकर आहेत. हे विद्यार्थी नव्याने आलेले, बहुतेक शिया मुसलमान, क्रांतीच्या आगेमागे घर सोडलेले. महिन्याच्या सुरुवातीला ते आमच्या काउंटरसमोर बाकावर येऊन बसत. घरून पैसे आले की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न असे. तिकडे इराकशी युद्ध चालू होते. सरकारी दराने एका डॉलरला सत्तर-पंचाहत्तर रियाल पडत आणि खुल्या बाजारात त्याच्या कितीतरी पट. सरकारी दराचा कोटा ज्याला मिळाला त्याचे शिक्षण चालू राही. ज्याचा बंद झाला तो महिना-दोन महिन्यांत दिसेनासा होई.

एके दिवशी एक मुलगी आली. तिच्या नावे पैसे आले होते आणि सूचनेत लिहिले होते की, ओळख पटवून रक्कम द्यावी. तिने पासपोर्ट पुढे केला. त्यावरच्या फोटोत काळ्या रुमालात गच्च आवळलेला चेहरा होता. कपाळाचा थोडा भाग, डोळे, नाक, हनुवटी, बस्स. समोर उभी होती ती मोकळ्या कुरळ्या केसांची, खादीच्या निळ्या कुर्त्यातली कॉलेजकन्यका. मी एकदा फोटोकडे पाही, एकदा तिच्याकडे. सही जुळत होती, चेहरा काही जुळेना. तिला माझी अडचण समजली. तिने खांद्यावरची ओढणी डोक्यावरून घेतली, हनुवटीखाली मुठीत घट्ट धरली आणि विचारले, "आता?"

चेहरा जुळला. मी कागदावर सही केली. ओढणी सोडता सोडता ती म्हणाली, "ज्या मुलीला तुम्ही पैसे दिलेत, ती मी नव्हे बरं का!"

मला ते तेव्हा चटपटीत बोलणे वाटले. घरी जाऊन मी ते हसत हसत सांगितलेही. त्यातले दुःख कळायला मला बरीच वर्षे लागली.

सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या बावीस वर्षांच्या मुलीची बातमी आली. इराणच्या कुर्दिस्तान प्रांतातल्या सक्केझ गावची ही मुलगी तेहरानला आली होती. रुमाल नीट बांधला नाही म्हणून तिथल्या संस्कृतिरक्षक पोलिसांनी तिला पकडले आणि तीन दिवसांनी, १६ सप्टेंबरला, ती रुग्णालयात मरण पावली. गावी तिचे दफन झाले तेव्हा तिथे जमलेल्या बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढून हवेत फिरवले. "जिन, जियान, आझादी" ही कुर्दी घोषणा तिथून देशभर पसरली, आणि फारसीत तिचे "झन, झेंदेगी, आझादी" झाले. स्त्री, जीवन, स्वातंत्र्य. आपल्याला या घोषणेचा अर्थ सांगायला दुभाष्या लागत नाही. 'जनाना' आपल्याकडे आहे, 'जिंदगी' आहे, 'आझादी' तर आहेच. शिवाजीमहाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्द कारभारातून काढण्यासाठी. तरीही सरकार, कारकून, दुकान, दस्तऐवज, हप्ता हे सारे शब्द आपल्या घरात मुक्कामाला राहिलेच. बँकेतल्या आमच्या निम्म्या बोलण्याला फारसीचा वास होता, हे मला त्या मुलीनेच दाखवून दिले. 'हप्ता' म्हणजे त्यांच्याकडे आठवडा, हे ऐकून आमचे हेड कॅशियर फार खूश झाले होते.

त्या शब्दांतला 'बाजार' हा शब्द मात्र आपण घेतला आणि त्याचा अर्थ तिकडेच राहिला. आपल्याकडे बाजार म्हणजे पिशवी घेऊन जायची जागा. इराणात बाजार ही एक सत्ता आहे. छपराखालच्या गल्ल्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पेढ्या, त्यांची उधारी, त्यांचे मशिदींशी आणि मौलवींशी नाते, त्यांचे दानधर्म या सगळ्यांची मिळून झालेली सत्ता. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत तिथल्या राज्यकर्त्यांना जेव्हा जेव्हा घाम फुटला, तेव्हा बाजारातली दुकाने बंद होती.

१८९० साली नासिरुद्दीन शहाने इराणातल्या तंबाखूच्या उत्पादनाचा, विक्रीचा आणि निर्यातीचा मक्ता पन्नास वर्षांसाठी एका इंग्रजाला देऊन टाकला. वर्षाला पंधरा हजार पौंड आणि नफ्यातला चौथा हिस्सा, एवढ्यावर. व्यापारी खवळले, बाजार बंद झाले, आणि १८९१ च्या डिसेंबरात मोठ्या धर्मगुरूंच्या नावाने तंबाखू ओढू नये असा फतवा निघाला. देशाने हुक्का खाली ठेवला. खुद्द शहाच्या जनानखान्यात हुक्का भरून मिळेना, असे सांगतात. महिन्याभरात मक्ता रद्द झाला. लोक जिंकले. हा भाग इराणी मुलांच्या पुस्तकांत असतो. त्यापुढचा भाग बँकेतल्या माणसाच्या नजरेत भरतो. मक्तेदार कंपनीला नुकसानभरपाई म्हणून पाच लाख पौंड द्यावे लागले, आणि ते शहाने इंग्रजांच्याच इंपीरियल बँक ऑफ पर्शियाकडून सहा टक्के व्याजाने काढले. इराणचे हे पहिले परदेशी कर्ज. म्हणजे आंदोलन यशस्वी झाले आणि त्याचे बिल आंदोलकांच्या नातवंडांच्या नावे लिहिले गेले.

१९०५ मध्ये साखर महागली म्हणून तेहरानच्या गव्हर्नराने व्यापाऱ्यांच्या तळपायांवर फटके मारवले. त्यातून पेटलेल्या चळवळीत पुढच्या उन्हाळ्यात बारा-चौदा हजार माणसे ब्रिटिश वकिलातीच्या बागेत जाऊन बसली. तिथे रांधत होती, वाद घालत होती, राज्यघटना म्हणजे काय ते एकमेकांना शिकवत होती. १९०६ मध्ये त्यांना संसद मिळाली. टिळकांच्या पिढीने हिंदुस्थानात जे अजून मागायचे होते, ते इराण्यांनी मिळवलेले होते. दोनच वर्षांत रशियन अधिकाऱ्याच्या हाताखालच्या कोसॅक पलटणीने त्या संसदेवर तोफा डागल्या. मोसादेक यांची कथा अनेकांना ठाऊक आहे: १९५१ मध्ये तेलाचे राष्ट्रीयीकरण, ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या हेरखात्यांनी घडवलेला उठाव. आपला त्यात हात होता हे सीआयएच्या स्वतःच्या कागदपत्रांतून जाहीर व्हायला २०१३ साल उजाडले.

तिचे वडील इस्फहानच्या बाजारात कापडाचे व्यापारी होते. पैसे घ्यायला आली की ती माझ्या टेबलाशी थोडी बसे; मी तिच्याहून चारेक वर्षांनी मोठी, शाखेत बायका तिघीच. १९७८ साली, ती शाळेत असताना, वडिलांनी महिनोन्‌महिने दुकान बंद ठेवले होते. त्या वर्षी जानेवारीत कोममध्ये गोळीबार होऊन माणसे मेली. आपल्याकडे दहावा-तेरावा, तसा त्यांच्याकडे चाळिसावा. चाळिसाव्याला तब्रिझमध्ये लोक जमले, तिथे पुन्हा माणसे मेली. त्यांच्या चाळिसाव्याला यझ्दमध्ये. शोकाच्या पंचांगावर एक क्रांती उभी राहिली. पण माझ्या मते शहा पडला तो या मोर्च्यांनी नव्हे. मोर्चे त्याने पचवले असते. शरद ऋतूत तेलकामगारांनी हात आवरले, आणि दिवसाला साठ लाख पिंपांच्या घरातले उत्पादन काही आठवड्यांत पाव हिश्श्यावर आले. बाजारातले व्यापारी संपकऱ्यांच्या घरी धान्य पोहोचवत होते. आणि, हे वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, मध्यवर्ती बँकेतल्या संपावरच्या कर्मचाऱ्यांनी एक यादी बाहेर काढली. देशातल्या कोणत्या बड्या माणसांनी किती पैसा परदेशात पाठवला, त्याची. एकूण रक्कम दोन अब्ज डॉलरच्या वर होती. त्या यादीतले सगळे आकडे खरे होते की नाही, यावर पुढे वाद झाले. पण टेबलाशी बसून वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या सह्या तपासणाऱ्या कारकुनांनी एक दिवस राजाची सही तपासली आणि ती जुळत नाही असे सांगितले, त्यानंतर उरले काय? १६ जानेवारी १९७९ ला शहा विमानात बसला.

आम्हा बँकवाल्यांना हे लवकर समजते. बँकेच्या तिजोरीत सगळ्या ठेवीदारांचे पैसे कधीच नसतात. ते आहेत, असे सगळे मानतात म्हणून बँक चालते. एखाद्या सकाळी दारात रांग लागली की भलीभली बँक संध्याकाळपर्यंत बसते. राजवटीचेही तसेच असावे. पण रांग लावणाऱ्या माणसाला आपले पैसे परत हवे असतात, एवढेच त्याला माहीत असते. ही बँक बसल्यावर इमारत कुणाची, किल्ल्या कुणाच्या, नवी पाटी कुणाच्या नावाची, हा विचार रांगेत कुणी करत नाही.

तेहरानमध्ये त्या किल्ल्यांचा निकाल अवघ्या दहा महिन्यांत लागला, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या गोष्टीचे मर्म त्या दहा महिन्यांत आहे.

खोमेनी १ फेब्रुवारी १९७९ ला परतले. ८ मार्चला, महिला दिनी, तेहरानच्या रस्त्यांवर हजारो बायका उतरल्या, कारण कचेऱ्यांत डोके झाकून यावे असे बोलले जाऊ लागले होते. महिनाभरापूर्वी याच बायका शहाविरुद्ध मोर्च्यांत होत्या. मागे जाण्यासाठी आम्ही क्रांती केली नाही, असे त्या म्हणत होत्या. काही दिवस सरकार नमले. डाव्या पक्षांतल्या आणि उदारमतवादी पुरुषांपैकी बहुतेकांनी त्यांना सांगितले की, बायांनो, आत्ता ही वेळ नाही, आधी क्रांती सांभाळू, मग तुमच्या रुमालाचे पाहू. ती वेळ पुढे कधी आलीच नाही. पुढच्या वर्षी सरकारी कचेऱ्यांत सक्ती झाली आणि १९८३ मध्ये कायदाच झाला. डोके न झाकणाऱ्या बाईला चौऱ्याहत्तर फटक्यांपर्यंत शिक्षा. 'आत्ता वेळ नाही' हे वाक्य मी माझ्या नोकरीत, युनियनच्या सभेत, घरातही ऐकलेले आहे. ते ऐकले की मला अजूनही ती तारीख आठवते.

मार्चच्या अखेरीस सार्वमत घेतले गेले. मतदाराला दोन चिठ्ठ्या होत्या. हिरवी म्हणजे होय, लाल म्हणजे नाही. प्रश्न एकच: इस्लामी प्रजासत्ताक हवे का? ते कसे असेल, त्यात कुणाचे अधिकार काय, हे कुठेच लिहिलेले नव्हते, कारण राज्यघटना अजून व्हायची होती. अधिकृत आकड्यांप्रमाणे ९८ टक्क्यांहून अधिक मते हिरवी पडली. "तुझ्या वडिलांनी?" मी विचारले होते. "हिरवी," ती म्हणाली. "शहा परत यायला नको होता ना. दुसरं विचारलंच काय होतं त्यांना?"

आपल्याकडे १९७७ मध्ये आणीबाणीनंतर लोकांनी मतपेटीतून सरकार उलथवले, तेव्हा मतपत्रिकेवर माणसांची नावे होती, चिन्हे होती, निवड होती. इराण्यांच्या हातात आली ती कोऱ्या धनादेशावरची सही. कोरा धनादेश देऊ नये, हे आम्ही खातेदारांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगत असू.

पुढचा भाग तर एखाद्या कादंबरीत लिहिला असता तर संपादकांनी अतिरंजित म्हणून कापला असता. उन्हाळ्यात राज्यघटनेचा पहिला मसुदा तयार झाला, त्यात धर्मगुरूंच्या सर्वोच्च सत्तेचे कलम नव्हते. खोमेनी तो तसाच सार्वमताला टाकायला तयार होते. अडून बसले ते पंतप्रधान बाझरगान आणि बनीसद्र, हे दोघेही घटनेची चाड असलेले नेमस्त! निवडलेल्या सभेत चर्चा झाल्याखेरीज घटना मंजूर करणे लोकशाहीला धरून नाही, असे त्यांचे म्हणणे. तत्त्व बिनचूक होते. सभा निवडली गेली. संघटना मशिदींकडे होती, उमेदवार त्यांच्याकडे होते, आणि त्र्याहत्तर जणांच्या त्या सभेत मौलवींचे बहुमत झाले. त्यांनी मसुदा बाजूला सारून सर्वोच्च धर्मवेत्त्याच्या राज्याचे कलम घातले. नोव्हेंबरात अमेरिकी वकिलात ताब्यात घेतली गेली, बाझरगान यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात घटना मंजूर झाली. बनीसद्र देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले खरे, पण दीड वर्षाने त्यांनाही परदेशी पळून जावे लागले.

त्या घटनेने निवडणुका ठेवल्या, हे लक्षात घ्यायला हवे. संसद ठेवली, अध्यक्ष ठेवला. मात्र बारा जणांच्या पालक मंडळाला कोण उमेदवार चालेल हे ठरवण्याची मुखत्यारी मिळाली, आणि त्यातल्या सहा धर्मवेत्त्यांना नेमणार तो सर्वोच्च नेता. खाते तुमच्या नावाचे, पासबुक तुमच्या हातात, पण दुसऱ्या सहीशिवाय पैसे काढता येणार नाहीत.

तरीही इराणी माणसाने खात्याशी हुज्जत घालणे सोडले नाही, याचे मला फार कौतुक वाटते. १९९९ मध्ये वर्तमानपत्र बंद केले म्हणून विद्यार्थी उठले. २००९ मध्ये "माझे मत कुठे आहे?" असे विचारत लाखो लोक तेहरानमध्ये चालले, त्या मोर्च्यांइतके शिस्तीचे मोर्चे मी दूरदर्शनवर दुसरे पाहिलेले नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये पेट्रोलचा भाव एका रात्रीत दीडपट, आणि ठरलेल्या कोट्यापलीकडे तिप्पट केला, तेव्हा छोट्या गावांतले गरीब पेटले. सरकारने जवळजवळ आठवडाभर इंटरनेट बंद करून गोळ्या घातल्या, आणि मेलेल्यांची संख्या ॲम्नेस्टीच्या नोंदीप्रमाणेच तीनशेच्या वर गेली. २०२२ मध्ये मुली आणि विद्यार्थी. मानवी हक्क संघटनांच्या मोजणीत पाचशेहून अधिक बळी, त्यांत शाळकरी मुलेही. या प्रत्येक वेळी कुणी ना कुणी रस्त्यावर होते, पण सगळे एकाच वेळी नव्हते. मध्यमवर्ग चालला तेव्हा कामगार कामावर होता. गरीब पेटले तेव्हा मध्यमवर्गाने खिडक्या लावून घेतल्या. १९७८ मध्ये बाजार, तेल, कचेऱ्या, विद्यापीठे आणि मशिदी यांनी एकाच महिन्यात पाठ फिरवली होती. तसे पुन्हा जुळून आले नाही.

मग २०२५ साल आले. जूनमध्ये इस्रायलने हल्ला केला, अमेरिकेने अणुकेंद्रांवर बाँब टाकले, बारा दिवस युद्ध चालले. त्यात २३ जूनला इस्रायलने तेहरानच्या एविन तुरुंगावर बाँब टाकले. राजकीय कैद्यांसाठी कुप्रसिद्ध असलेला हा तुरुंग. सत्तरहून अधिक माणसे मेली. कर्मचारी, कैदी, भेटीला आलेले नातेवाईक. ज्यांना सरकारने कोंडले त्यांना सरकारच्या शत्रूने मारले. बाँबने लोकशाही येते असे म्हणणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांना मी हे सांगितले. त्यांनी विषय बदलला.

ऑक्टोबरात तिथली एक मोठी खासगी बँक बुडाली. तिने आपला पैसा मोठ्या प्रमाणावर स्वतःच्याच गोतावळ्यातल्या प्रकल्पांना वाटला होता. तेहरानच्या पश्चिमेला उभा असलेला अवाढव्य 'इराण मॉल' त्यातलाच. सरकारने ती मोडीत काढून सरकारी बँकेत विलीन केली. तिचे नाव होते आयंदे बँक. 'आयंदे' म्हणजे भविष्य! मी कादंबरीत हे नाव ठेवायला धजले नसते.

त्याच महिन्यात संसदेने चलनावरची चार शून्ये काढून टाकण्याचा ठराव केला. शून्ये काढून काय होणार? १९७९ मध्ये डॉलरला सत्तर रियाल पडत. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस खुल्या बाजारात सुमारे चौदा लाख. म्हणजे वीस हजार पट. निर्बंधांचा वाटा त्यात नक्की आहे, आणि तो लहान नाही. औषधांसाठी वणवण करणाऱ्या रुग्णाला निर्बंधांमागचे उच्च तत्त्व समजावून सांगता येत नाही. पण लष्करी पासदारांच्या कंपन्या, धर्मादाय म्हणवणाऱ्या आणि हिशेब न देणाऱ्या प्रतिष्ठानांचे साम्राज्य, शेजारच्या देशांतल्या सशस्त्र गटांवर केलेला खर्च, हे कुणी बाहेरून लादले नव्हते. नोटेवर सही असते ती वचनाची. लोक आपल्या पगाराच्या नोटा हातात पडताच डॉलर, सोने, नाहीतर फ्रिज घ्यायला धावतात, तेव्हा त्यांनी मतदान केलेले असते. या मतदानाला पालक मंडळ लागत नाही.

२८ डिसेंबर २०२५ ला तेहरानच्या मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानदारांनी शटर खाली ओढले, आणि मग मोठा बाजारही बंद झाला. सकाळी आणलेल्या मालाचा भाव दुपारी सांगता येत नाही, तर दुकान उघडायचे कशाला, इतका साधा हिशेब. दुसऱ्याच दिवशी मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांनी राजीनामा दिला. दहा-बारा दिवसांत ही आग सर्व प्रांतांत पसरली. ८ जानेवारी २०२६ च्या रात्री इंटरनेट बंद झाले, आणि त्या काळोखात जे घडले ते १९७९ नंतरच्या इराणने पाहिलेले नव्हते. सरकारनेच तीन हजारांहून अधिक मृत्यू मान्य केले. मानवी हक्क संघटनांचे आकडे त्याहून पुष्कळ मोठे आहेत.

बातम्या रोज येतात आणि रोज जुन्या होतात. त्यांच्या मागे धावणे हे रविवारच्या पानाचे काम नव्हे. मला 'इराणचे पुढे काय?' असे अनेकजण विचारतात, जणू बँकेत असताना मी भविष्यही पाहत होते. मी एवढेच म्हणेन की, कोण पडले या बातमीपेक्षा नंतरच्या दहा महिन्यांकडे डोळे लावून बसावे. किल्ल्या कुणाकडे आहेत? बंदुका असलेल्या पासदारांकडे? जानेवारीत काही मोर्च्यांत शेवटच्या शहाच्या मुलाच्या नावाच्या घोषणा झाल्या; तो अमेरिकेतून आवाहने करीत होता. ज्यांना तो हवा असेल त्यांना तो मागण्याचा हक्क आहे. पण विमानातून उतरणाऱ्या तारणहाराच्या स्वागताला तेहरानकर एकदा लाखोंनी गेले होते. कुर्द, बलुच, अझेरी यांना नव्या घरात कुठली खोली, हे कुणी बोलायला तयार नाही. तुरुंगात ज्यांची उमर गेली, ज्यांना लोक ओळखतात, त्या नर्गिस मोहम्मदींसारख्या माणसांच्या मागे पक्ष नाही, शाखा नाही, निधी नाही. १९७९ मध्ये नेमस्तांकडे हेच नव्हते. माझी आशा, ती आहे तेवढी, तिथल्या शिक्षकांच्या, बसचालकांच्या, परिचारिकांच्या, निवृत्तिवेतनधारकांच्या छोट्या छोट्या संघटनांवर आहे; त्यांचे पुढारी पुन्हा पुन्हा आत जातात आणि बाहेर येऊन पुन्हा सभेची नोटीस काढतात. पुढचे सार्वमत जेव्हा होईल तेव्हा प्रश्नाचा मसुदा लिहायला यांच्यापैकी कुणी टेबलाशी असेल का? की पुन्हा एक हिरवी चिठ्ठी आणि एक लाल?

आणि त्या टेबलाशी बाई असेल का? त्या मुलीने मला तिच्या आजीचे सांगितले होते. १९३६ मध्ये शेवटच्या शहाच्या बापाने, रझाशहाने, बुरख्याला बंदी केली. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून चादरी ओढू लागले. तिची आजी त्यानंतर पाच वर्षे घराबाहेर पडली नाही. रझाशहाने गादी सोडली तेव्हा ती प्रथम बाजारात गेली. नातीच्या डोक्यावर त्याच देशाच्या पोलिसाने रुमाल बांधला. "आमच्याकडे सरकार बदललं, की आधी बायकांचं डोकं बदलतात," असे ती म्हणाली होती.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये युद्ध थांबले आणि ती परत गेली. जाताना खाते बंद करावे असे मी सांगितले, नियमच होता. "राहू द्या, मी येणार आहे," ती म्हणाली. खात्यात दोनशे चौदा रुपये होते. पुढच्या वर्षी त्यांच्या नवरोझला तिचे एक कार्ड आले, नंतर काही नाही. आमची शाखा संगणकावर गेली तेव्हा जुनी लेजरे उतरवून काढताना तिचे पान निघाले, सहीचे कार्डही. मी ते निष्क्रिय खात्यांत नोंदवले. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या अशा खात्यांतली रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत वर्ग होते, पण ती बुडत नाही. आजही मागता येते. शाखेत यावे लागते, अर्ज भरावा लागतो, सही जुळावी लागते आणि फोटो असलेला ओळखीचा पुरावा दाखवावा लागतो.